तिसरा रांजण

उशांगीने चेरीच्या सालीचा कुंचा रांजणाच्या पोटावरून गरागरा फिरवला, तोंडात आलेलं काळं पाणी थुंकून टाकलं आणि पुन्हा गायला लागला. गाणं कसलं, शाळेत पाठ केलेला सातचा पाढाच तो चालीत म्हणत होता. रांजणात उतरलेल्या माणसाने तोंड चालू ठेवायचं, हा धंद्याचा नियम. आत हवा कमी. भिंतीत मुरलेल्या जुन्या दारूचा वास डोक्यात चढतो आणि माणूस गपकन बसतो तो बसतोच. वर दोर धरून उभा असलेल्याने फक्त आवाज ऐकायचा. आवाज थांबला की ओढायचं.

सात नव्वे त्रेसष्टला आवाज थांबला.

"काका?" वरून बाद्री ओरडला. "ओ काका! अरे वानोकाका, बघता काय, ओढा!"

दोर ताणला आणि उशांगीच्या काखेत रुतला.

"ओढू नका रे," आतून आवाज आला. "जिवंत आहे."

"मग बोला की! इथे माझा जीव चालला होता."

"विचार करत होतो."

"रांजणात बसून?" दोराला हात लावायला आलेला गावचा वानो म्हणाला. "बाहेर कधी केला नाहीस तो?"

उशांगीने पाढा पुढे रेटला आणि बॅटरी पुन्हा त्या जागी नेली. रांजण चांगला पुरुषभर खोल, तळाला निमुळता, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. तोंड एवढंसं, की खांदे तिरके करूनच उतरावं लागतं. त्याच्या कमरेच्या उंचीवर कधीकाळी एक बारीक तडा गेला होता. कुणीतरी चुन्यात अंड्याचं पांढरं कालवून तो लिंपला होता आणि लिंपण जागोजाग अंगठ्याने दाबलं होतं. प्रत्येक ठसा गव्हाच्या दाण्यासारखा, मधोमध उभी चीर असलेला.

हा अंगठा उशांगी ओळखत होता. गावातल्या निम्म्या तळघरांत त्याने तो पाहिला होता. त्याचा आजा सांद्रो हाच धंदा करायचा. वेलींची छाटणी करताना त्याच्या उजव्या अंगठ्याचं टोक सुरीने उभं चिरलं होतं आणि जखम भरली तरी मधली खाच राहिली होती ती राहिलीच. लहानपणी उशांगी त्या खाचेत सूर्यफुलाची बी अडकवून बसायचा.

आता तो अंगठा आठशे वर्षांपूर्वीच्या रांजणात होता.

"आठशे," उशांगीला वर घेऊन त्याच्या हातात टॉवेल देताना बाद्री म्हणाला. पोरगा राजधानीत, तिबिलिसीत वाढलेला, पण आजोळ याच गावातलं. कर्ज काढून इथे वाइनचा कारखाना आणि पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधत होता. "बाराव्या शतकातला, काका. शनिवारी टीव्हीवाले येतायत. दोन फ्रेंच माणसं येतायत. प्रोफेसरांनी तर फोटो बघूनच सांगितलं, असू शकतो म्हणाले."

"असू शकतो म्हणाले, की आहे म्हणाले?"

"तेच ते."

उशांगीने कान पुसले.

"आज संपत नाही," तो म्हणाला. "तळ राहिलाय. उद्या-परवा येतो."

रांजण निघाला होता तो एका जुन्या शेडची फरशी फोडताना. त्या शेडमध्ये सामुदायिक शेताच्या, म्हणजे कोल्खोजच्या काळात तंबाखू वाळायची. पुढे मॉस्कोहून दारूबंदीचं फर्मान आलं त्या वर्षी उपटलेल्या द्राक्षवेलींचे ढीग तिथे रचले गेले, आणि लोकांनी रडत रडत त्याच वेली चुलीत घातल्या. त्यानंतर शेडमध्ये शेळ्या होत्या, आणि शेळ्यांनंतर काहीच नाही. या सगळ्याच्याही आधी तिथे काय होतं, हे सांगणारं आता गावात एकच माणूस उरलं होतं. तिथे गिगोचं घर होतं.

*

"सांद्रोआजोबाचा अंगठा? नक्की?" एतेरीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"माझा अंगठा मी ओळखणार नाही एक वेळ, त्याचा ओळखतो."

एतेरी खाली बसली. छत्तीस वर्षं ती या घरात नांदत होती आणि छत्तीस वर्षं एक शब्द तिच्या मागे होता. या गावात कुणी थाप मारली, की समोरचा म्हणतो, 'हा बघा, तिसरा रांजण.' पोरं खेळतानाही म्हणतात. त्यातल्या निम्म्यांना तो शब्द आला कुठून ते माहीतही नाही. पण एतेरीच्या समोर कुणी तो बोललं, की बोलणाऱ्याची जीभ अडखळते आणि बाकीचे दुसरीकडे बघतात. ते तिला जास्त लागायचं.

झालं होतं ते असं. ऐंशी वर्षांपूर्वी कोल्खोज आला तेव्हा हुकूम निघाला, घरटी दोन रांजण ठेवा, वरचं जे असेल ते सरकारचं. गिगोने दोन दाखवले. रांजण धुणाऱ्या सांद्रोने सांगितलं, गिगोकडे तीन आहेत. माणसं आली, लोखंडी सळया घेऊन सगळं अंगण भोसकून गेली. काही मिळालं नाही. तरी गिगोला नेलं, आणि तो परत आला नाही. गावाने सांद्रोला लबाड ठरवलं. कुंपणावरून दोघांत जुनं भांडण होतं, त्या रागात त्याने नसलेला रांजण उभा केला आणि एका माणसाचा जीव घेतला, असं. सांद्रो मरेपर्यंत एवढंच म्हणत राहिला, "तिसरा होता." ते ऐकायला घरातली माणसंही थांबायची नाहीत.

"म्हणजे होता," एतेरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "म्हातारा खरं बोलत होता रे! त्याने स्वतः लिंपलाय तो. ऐंशी वर्षं आपण मान खाली घालून फिरलो. तुला कधी कुणी पंगतीत पहिला पेला उचलायला सांगितलं? गेल्या वर्षी वानोच्या पोराच्या लग्नात शिंगातून दारू पिण्याची पाळी फिरत आली, तर तुला वगळून पुढे गेली."

"मी तेव्हा बाहेर गेलो होतो."

"तू बाहेर का गेला होतास, ते मला माहीत आहे."

उशांगीने पाव मोडला आणि चीजमध्ये बुडवला.

"उद्या पावाच्या भट्टीवर सांगते सगळ्यांना," एतेरी म्हणाली.

"उद्या नाही. आधी दारोकाकूला सांगू दे. तिच्या बापाचा रांजण आहे. तिला दुसऱ्याकडून कळायला नको."

"ती आपल्याकडे बघत तरी असते का?"

"म्हणूनच. मी येईपर्यंत तोंड उघडू नकोस. शपथ घे."

एतेरीने शपथ घेतली.

*

गिगोची लेक दारो एकोणनव्वदची. अंगणात अक्रोडांची टोपली मांडीशी घेऊन ती दोऱ्यात अक्रोड ओवत होती. द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवायच्या माळा. उशांगी फाटकाशी उभा राहिला. या घरात त्याच्या माणसांनी ऐंशी वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. दारोच्या घरचे रांजण धुवायला शेजारच्या गावातून माणूस यायचा.

"फाटक उघडंच असतं," दारो मान वर न करता म्हणाली. "सांद्रोचा ना तू?"

"हो, काकू."

"किती वाळलायस. बायको खायला घालत नाही?"

"हंगामात कमीच घालते. नाहीतर रांजणाच्या तोंडातून आत जाणार कसा?"

म्हातारीने नाकातून फुस्स आवाज काढला. हसली असावी. उशांगीने टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिला. रात्रभर जुळवलेली वाक्यं आता एकही सापडेना.

"काकू, तिसरा रांजण निघाला," त्याने सरळ सांगून टाकलं.

दारोने एक अक्रोड ओवला. मग दुसरा.

"डुकरांच्या खाली?" तिने विचारलं.

उशांगीच्या हातातली टोपी फिरायची थांबली.

"बापाने रात्रीत डुकरांचा गोठा हलवून त्याच्यावर आणला होता," ती सांगायला लागली, काल बाजारात काय भाव होता ते सांगावं तशी. "मी नऊ वर्षांची. मी माती ओढली पायाने. आईने शेण पसरलं. सळईवाल्या साहेबाचे बूट नवे होते. त्याने गोठ्याशी येऊन नाक धरलं आणि पुढे गेला. पुढे कोल्खोजने आमचं घर पाडून फरशी केली. ती फुटेपर्यंत मी राहीन, असं वाटलं नव्हतं. आत काही होतं का?"

"वरून माती पडली होती. तळाला द्राक्षाच्या बिया. काळ्या पडलेल्या."

"हं. चांगली दारू होती ती. मोठ्या बहिणीच्या लग्नाची."

उशांगी तिथल्याच ओंडक्यावर बसला. बसायला सांगण्याची वाट त्याने पाहिली नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला. "आजा खोटं बोलला नव्हता, हे तुला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. आणि सगळं गाव आम्हाला लबाड म्हणत राहिलं. माझा बाप मान खाली घालून मेला, काकू! एकदा तरी बोलायचंस."

"काय बोलायचं होतं?"

"की तो खरं बोलला!"

दारोने माळ खाली ठेवली. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. डोळे पाणीदार, पण पाणी म्हातारपणाचं.

"पोरा, तू रांजण धुतोस. वानोच्या तळघरात काय आहे?"

"ते मी कसं सांगणार?"

"का नाही सांगणार?"

उशांगीने टोपी शेजारी ओंडक्यावर ठेवली.

"बघ," दारो म्हणाली. "सुरुवातीला आम्ही भीतीने गप्प बसलो. रांजण होता म्हटलं असतं, तर आईलाही नेलं असतं. पण पुढे भीती गेली. मॉस्कोतला मोठा साहेब मेला, लोक बोलायला लागले. तेव्हा मीच आईला म्हटलं, आता सांगू या. तुझा बाप तेव्हा वीस-बावीसचा, खांद्यावर कुंचा टाकून दारोदार फिरायचा. आई म्हणाली, अगं, कुंपणाच्या रागातून सांद्रो खोटं बोलला, हे त्या एकट्याचं पाप. त्याच्याबरोबर मातीत जाईल. पण घरात घेतलेल्या माणसाने आतले रांजण मोजून बाहेर सांगितले, असं कळलं, तर त्या घरच्या पोराला कोण तळघरात उतरू देईल? काय खाईल तो? लबाडच राहू दे."

कोंबडी उशांगीच्या बुटाला चोच मारत होती. त्याने तिला हाकललं नाही.

"आज्याने का सांगितलं?" उशांगीने विचारलं.

"दोन दिवस कोंडला होता त्याला. तिसऱ्या दिवशी बोलला. मीही बोलले असते." तिने सुई उचलली. "म्हणून काही मी त्याला माफ केलं नाही. आईने केलं होतं की नाही, ते तिने सांगितलं नाही. पण तुझा बाप जेवला, तू जेवलास. कुणाला सांगितलंस का अजून?"

"फक्त एतेरीला."

"ती कुठे आहे आता?"

उशांगीने सूर्याकडे बघितलं. भट्टीवर दुसरा घाणा लागायची वेळ झाली होती. तो टोपी विसरून उठला.

*

साठ वर्षांचा माणूस गावातून पळताना दिसला की कुत्रीही मागे लागतात. उशांगी भट्टीशी पोचला तेव्हा दोन कुत्री त्याच्या मागे होती आणि पुढून एतेरीचा आवाज येत होता.

"आता म्हणा! आता म्हणा कुणीतरी तिसरा रांजण! होता तो! आमच्या म्हाताऱ्याचा अंगठा आहे आत, माझ्या नवऱ्याने डोळ्यांनी बघितलाय!"

सात-आठ बायका गरम लांब पाव कापडात, पिशवीत घेऊन उभ्या होत्या. एक तर टाळी वाजवत होती. "बाई बाई, म्हणजे बिचारा सांद्रो खराच होता!" दुसरीने एतेरीच्या गालाचा मुका घेतला. एतेरी लग्नाच्या दिवशीही दिसली नसेल इतकी सुंदर दिसत होती. उशांगीला बघून तिने शपथ मोडल्याबद्दल जीभ चावली आणि तरी हसलीच.

मारो भट्टीत वाकून पाव चिकटवत होती. ती सावकाश सरळ झाली. तिची भुवई पिठाने पांढरी झाली होती.

"थांबा गं," ती म्हणाली. "म्हणजे सांद्रोने तो रांजण धुतला होता."

"धुतला, लिंपला!" एतेरी म्हणाली.

"आणि मग जाऊन सांगितलं."

"हो! खरं तेच..."

एतेरीचं वाक्य तिथेच संपलं. टाळी वाजवणारीने हात खाली घेतले. भट्टीत एक पाव सुटून निखाऱ्यात पडला. जळका वास सुटला तरी मारो वाकली नाही. ती उशांगीकडे बघत होती, आणि हळूहळू सगळ्याच बघायला लागल्या. या माणसाने दर सप्टेंबरात आपल्या घरात खाली उतरून, कुठे काय आहे ते सगळं पाहिलंय, हे जणू त्यांना आजच आठवलं होतं.

"पाव दे दोन," उशांगी म्हणाला.

मारोने दिले. पैसे घेतले. भट्टीकडे वळली.

संध्याकाळी वानो आला. फाटकाच्या बाहेरच उभा राहिला.

"यंदा तू त्रास घेऊ नकोस," तो कुंपणाच्या फळीशी बोलल्यासारखा म्हणाला. "आम्हीच धुऊ म्हणतो. पोरगा आहे, मी आहे."

"तुझं पोट आत जाईल?"

"वरून धुऊ. लांब दांड्याने."

दुसऱ्या दिवशी आणखी तीन घरांतून निरोप आले. कुणाला यंदा रांजण भरायचेच नव्हते, कुणाचा मेहुणा येणार होता. द्राक्षं उतरायला दहा दिवस उरले होते आणि वर्षाच्या त्या पंधरवड्यावरच या घराचा हिवाळा निघायचा. एतेरी दोन दिवस परसात बसून राहिली.

"मी काय केलं हे," ती एकदाच म्हणाली.

"मी सांगितलं नसतं, तर तू काय सांगितलं असतंस?" उशांगी म्हणाला आणि कुंच्याची सुटलेली साल बांधत बसला.

*

शनिवारी बाद्रीच्या आवारात सगळं गाव लोटलं होतं. फुकटची वाइन आणि भाजलेलं मांस असल्यावर कोण घरी राहतं? उशांगीने सकाळीच तळ घासून संपवला होता. रांजणाच्या तोंडाभोवती वाळू पसरली होती आणि बाजूला पाटी उभी होती, 'बारावे शतक'. टीव्हीवाल्या पोरीने केस तीनदा सारखे केले. प्रोफेसर गुडघ्यावर बसून रांजणाचा काठ नखाने खरवडत होते आणि फारसं बोलत नव्हते.

"जॉर्जियात आठ हजार वर्षं वाइन बनवतायत," बाद्री कॅमेऱ्यात सांगत होता. "त्यातली आठशे या अंगणात!"

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "ऐंशी म्हण!" आणि कुणीतरी हसलं. बाद्रीचा चेहरा पडला. भट्टीवरची गोष्ट त्याच्याही कानावर आलीच होती.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. दारो काठी टेकत येत होती. घर पाडल्यापासून ती या आवारात आली नव्हती. बाद्रीने खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"आजी," टीव्हीवाली पुढे झाली, "इथे तुमचं घर होतं म्हणतात."

"होतं. तिथे चूल. तिथे आई निजायची. आणि तू उभी आहेस तिथे डुकरं."

पोरगी एक पाऊल मागे सरकली. लोक हसले.

"हा रांजण तुमच्या वडिलांचा आहे, असं गावात काही जण म्हणतात. खरं का?"

दारो रांजणाजवळ गेली. हळूच वाकून तिने काठावर तळहात ठेवला. म्हशीच्या पाठीवर ठेवावा, तसा. हात तिथेच राहिला आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. पोरीला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही. ती प्रश्न पुन्हा विचारणार होती.

"माझ्या बापाचे दोन रांजण होते," दारो म्हणाली. आवाज साऱ्या आवाराला ऐकू जाईल असा. "सरकारने मोजले, दोनच भरले. माझा बाप खरा माणूस. हा कुणा राजाबिजाचा असेल. माझ्या बापाचा नाही."

"मग तो तिसरा रांजण?"

"तो सांद्रोच्या डोक्यात होता. कुंपणाच्या हातभर जागेसाठी खोटं बोलला मेला. लबाड माणूस. त्याचा नातू उभा आहे ना तिथे, त्यालाच विचारा."

सगळ्यांच्या माना वळल्या. कॅमेराही वळला. उशांगीने दारोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचा हात अजून काठावर होता आणि बोटं मातीवरून अगदी थोडी, पुढेमागे फिरत होती.

"लबाडच होता," उशांगी म्हणाला. मग त्याने पुन्हा, मोठ्याने म्हटलं. "आमचा म्हातारा खोटं बोलला होता. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

"आणि अंगठा?" वानो म्हणाला. "एतेरी तर म्हणत होती..."

"म्हणत होते," एतेरी मागून म्हणाली. तिने बाहीने नाक पुसलं आणि पुढे आली. "हा त्या दिवशी चार पेले चढवून आला होता. बरळला आणि मी गावभर करत सुटले. बाईची जात, दुसरं काय. हसा आता."

पण कुणी हसलं नाही. वानो रांजणाच्या तोंडाशी जाऊन आत डोकावला.

"उतरून बघायलाच हवं कुणीतरी."

"उतरा ना," बाद्री म्हणाला. "फक्त वानोकाका, एकदा तुम्ही यात गेलात, की आठशे वर्षांनी पुढच्या प्रोफेसरांना तुम्हीच सापडाल."

मग मात्र हशा फुटला. वानोने स्वतःचं पोट थोपटलं आणि तोही हसला. प्रोफेसर गुडघे झटकत उठले. त्यांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा उशांगीच्या हातांकडे, आणि वही मिटली.

"जुना आहे, एवढं मी सांगतो," ते म्हणाले. "नेमकं वर्ष सांगणं अवघड आहे."

रांजण धुऊन झाला की शेवटचं पाणी वाडग्यात काढतात. आधी धुणारा पितो, मग घरधनी. पाण्याला वास नाही, चव नाही, म्हणजे काम झालं. उशांगीने वाडगा भरून घेतला, कॅमेऱ्यासमोर अर्धा प्यायला. बाद्रीने हात पुढे केला होता. उशांगीने वाडगा त्याच्या हातावरून पुढे नेला आणि दारोच्या हातात दिला.

"गावातलं मोठं माणूस," तो बाद्रीला म्हणाला. "वयाचा मान."

"हो हो, अर्थात," बाद्री म्हणाला.

दारोने दोन्ही हातांनी वाडगा धरला आणि तळ दिसेपर्यंत प्यायली. सावकाश, मधे दोनदा दम घेऊन. रिकामा वाडगा उशांगीला देताना ती एवढंच म्हणाली, "टोपी राहिलीय तुझी माझ्याकडे. घेऊन जा."

मांस निखाऱ्यावर गेलं, टीव्हीवाले सामान भरायला लागले, लोक पेले शोधायला पांगले. उशांगी दोर गुंडाळत होता. वानो येऊन शेजारी उभा राहिला.

"पोरगा काही कामाचा नाही," तो म्हणाला. "लांब दांड्याने तळाला पोचतच नाही. सोमवारी येतोस?"

"येतो."

"दोन रांजण आहेत."

उशांगी वीस वर्षं वानोचं तळघर धूत होता. रांजण तीन होते. तिसरा जळणाच्या लाकडांमागे, वर पोत्यांची थप्पी. धाकट्या भावाच्या वाटणीत वानोने तो दाखवला नव्हता. दरवर्षी तिन्ही धुतल्यावर वानो तिन्हींचे पैसे द्यायचा आणि संख्या कधी बोलायचा नाही.

आज बोलला होता, आणि आता उत्तराची वाट बघत होता.

उशांगीने दोराची गाठ आवळली.

"दोनच तर आहेत," तो म्हणाला. "सकाळी लवकर येतो."